छेदातले क्रिएटिन

'मेंदूतले केमिकल बिघडले' असे कुणी म्हणाले की ऐकणाऱ्याच्या मनात सेरोटोनिन येते. नैराश्य असलेल्या मुलामुलींच्या मेंदूतील रसायने ज्या स्पेक्ट्रोस्कोपीने, म्हणजे चुंबकात अणुकेंद्रांकडून येणाऱ्या सिग्नलवरून पदार्थ ओळखणाऱ्या तंत्राने, मोजली जातात, तिला ते दिसतच नाही. लिटरमागे साधारण एक मिलिमोलच्या खालचे काही तिच्या हाती लागत नाही आणि सेरोटोनिन त्याच्या शतांशानेही भरत नाही. पेट स्कॅनने त्याचा माग काढता येतो, पण निव्वळ संशोधनासाठी अल्पवयीनांना किरणोत्सर्गी इंजेक्शन देणे टाळले जाते. त्यामुळे या वयोगटात उरले ते हायड्रोजनच्या अणुकेंद्रांच्या सिग्नलच्या आलेखात दिसणारे पदार्थ : एनएए (चेतापेशींतला एक पदार्थ), कोलीन (पेशींच्या आवरणाशी निगडित), क्रिएटिन (पेशींच्या ऊर्जेशी निगडित), चेतापेशींना चेतवणारे ग्लुटामेट आणि कसाबसा त्यांना शमवणारा गाबा.

अणुकेंद्राचा चुंबकीय अनुनाद 1946 पासून माहीत होता. जिवंत मेंदूवर तो वापरण्याची सुरुवात 1980 च्या दशकातली, आणि कुमारवयीन नैराश्यावरचे काम ठळकपणे पुढे आले ते 2000 नंतर.

यंत्र एमआरआयचेच. तंत्रज्ञ पडद्यावरच्या चित्रात एक चौकोन ठेवतो, समजा दोन सेंटिमीटर बाजूचा घन. त्या आठ घनसेंटिमीटरमधून पाण्याचा प्रचंड सिग्नल दाबला की उरलेल्या पदार्थांची शिखरे वर येतात. कपाळामागचा भाग घ्यावा तर शेजारी सायनसमधली हवा; त्यात या वयात दातांना तारा! दोन्हींमुळे चुंबकक्षेत्र बिघडते आणि शिखरे पसरट होतात.

वाद मात्र शिखरांच्या उंचीवरून झाला. उंचीला स्वतःचे एकक नसते, ती कशाने तरी भागावी लागते. सुरुवातीच्या बऱ्याच गटांनी छेदात क्रिएटिन घेतले. कारण सोयीचे होते : ते त्याच आलेखात असते, वेगळे मोजमाप लागत नाही आणि ते स्थिर असते असे मानले जाई. 2000 साली नैराश्य असलेल्या किशोरांच्या डोळ्यांमागच्या पुढील मेंदूत कोलीनचे प्रमाण वाढलेले आढळले, तेही अशाच गुणोत्तरांतून. पण अंश वाढला की छेद घटला, हे गुणोत्तर सांगत नाही. मेंदूच्या करड्या (पेशींच्या) भागात क्रिएटिन पांढऱ्या (तंतूंच्या) भागापेक्षा जास्त असते, आणि कुमारवयात या दोन्हींचे प्रमाण बदलत असते. म्हणजे तोच घन बाराव्या आणि अठराव्या वर्षी सारखा नसतो. मोठ्यांच्या अभ्यासात चालून गेलेली सोय मुलांवर जशीच्या तशी लादली गेली, आणि माझ्या मते ही साधी चूक नव्हती, आळस होता.

सगळा गोंधळ छेदामुळेच झाला असे मात्र नाही. कपाळामागच्या डाव्या बाजूच्या एकाच भागात 2002 मध्ये कोलीन जास्त, तर 2005 मध्ये कमी आढळले. मोजकी मुले, दीड टेस्लाची म्हणजे कमी ताकदीच्या चुंबकाची यंत्रे. त्या यंत्रांवर ग्लुटामेट आणि ग्लुटामिन एकमेकांत मिसळत, म्हणून दोघांना मिळून 'जीएलएक्स' असे जोडनाव पडले. पुढे लोक ते सरळ ग्लुटामेट म्हणूनच वाचू लागले.

छेदाची खरी गंमत 2011 ची. गोळ्यांनी फरक न पडलेल्या पाच किशोरवयीन मुलींना रोज 4 ग्रॅम क्रिएटिन आठ आठवडे दिले गेले, होय, जिमवाले घेतात तेच. फॉस्फरसच्या स्पेक्ट्रोस्कोपीत त्यांच्या मेंदूतले फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे क्रिएटिनचे ऊर्जा साठवणारे रूप, वाढलेले दिसले. हायड्रोजनच्या आलेखातल्या क्रिएटिनच्या शिखरात फॉस्फोक्रिएटिनही मोडते. ज्याला मोजपट्टी मानले, तेच औषध म्हणून तपासले जात होते!

पुढच्याच वर्षी, औषधे न घेणाऱ्या 12 ते 19 वयाच्या 20 रुग्णांच्या अभ्यासात गाबा पाण्याच्या सिग्नलने भागला गेला. निकाल जास्त नेमका निघाला : गाबा कमी होता तो कशातच आनंद न वाटणाऱ्या निम्म्या मुलांत, बाकीच्यांत नाही. पाण्याचा छेदही निर्दोष नाही. घनात मेंदूभोवतीचा द्रव किती आला ते वजा करावे लागते. पण निदान ते तपासता येते.

मोजमापाचे कोणते तपशील छापायचेच, याचे किमान निकष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. छेद कोणता, हा त्यातलाच एक. पाणी न दाबता घेतलेला संदर्भ सिग्नल जेमतेम मिनिटभराचा असतो. जुन्या अभ्यासांतली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत. त्यांचे तेव्हाचे ते मिनिट कुणी साठवले नसेल, तर नवा छेद लावून तो आकडा पुन्हा काढता येत नाही.