डोंगर खिडकीत, पोरं गल्लीत

सिडकोतल्या कुठल्याही गच्चीवर चढलं की पांडवलेणीचा डोंगर समोर उभा असतो. पाऊस उघडला की त्र्यंबकच्या बाजूला अंजनेरीही दिसतो. नाशिककराला डोंगर शोधावा लागत नाही. तरीही आठवी-नववीच्या चौदा पोरांना मी एकदा विचारलं, "लेणीवर कोण कोण गेलंय?" तीन हात वर आले, आणि त्यातले दोन फाळके स्मारकापर्यंतच पोचलेले निघाले.

अंतर ही अडचण नव्हतीच. वडील अंबडच्या कंपनीत पाळीवर, आई दोन घरचा स्वयंपाक करणारी, रविवारी क्लास. मुलगी असेल तर पहिला प्रश्न "सोबत कोण आहे?" आणि दुसरा "किती वाजता येणार?" त्यापुढे गाडी जातच नाही.

मुलांना घरापासून लांब, रानात काही दिवस ठेवलं की ती खंबीर होतात, ही कल्पना साहेबाकडून आली असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. संत निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निघते आणि सुमारे चारशे किलोमीटर चालून आषाढीला पंढरपूर गाठते. मधले पंचवीसेक दिवस पावसात, चिखलात, कुणाच्या तरी ओसरीवर किंवा तंबूत. दिंडीत तंबू ठोकण्यापासून पंगत वाढण्यापर्यंत प्रत्येकाला काम असतं. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी तर नाशिकच्या कितीतरी पोरांच्या आयुष्यातली आईवडिलांविना बाहेर काढलेली पहिली रात्र असते. गंमत अशी की "फेरीला चाललोय" म्हटलं की घरचे हातावर पन्नास रुपये ठेवतात. "ट्रेकला चाललोय" म्हटलं की चौकशी समिती बसते.

किल्ल्यांच्या वाटा मात्र आपल्याकडून काढून घेतल्या गेल्या. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांचा कॅप्टन ब्रिग्ज या भागातले किल्ले पाहत फिरला आणि पुन्हा कुणी आश्रय घेऊ नये म्हणून अनेक गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे सुरुंगांनी उडवले गेले. हरिहर गडाचा उभा जिना वाचला. त्याच्या पायऱ्यांतल्या खोबणीत बोटं रुतवून आज दर रविवारी गर्दी वर चढते. जिथे पायऱ्या उडाल्या, तिथे कातळाला बिलगून नाहीतर दोर लावून जावं लागतं.

इंग्लंडमध्ये १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं. त्यात बड्या निवासी शाळांतली मुलं होती, तशी कामगारांच्या घरचीही होती. त्यातून स्काउट चळवळ उभी राहिली. ती दोन वर्षांत भारतात आली, पण गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच. अ‍ॅनी बेझंट यांनी १९१६ साली मद्रासेत भारतीय मुलांसाठी वेगळी संघटना काढली तेव्हा ते दार किलकिलं झालं. सगळे प्रवाह एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स व्हायला १९५० उजाडलं. आमच्या वेळेपर्यंत त्यातला तंबू गेला होता आणि २६ जानेवारीचा स्कार्फ तेवढा उरला होता.

या विषयात ज्याचं नाव टाळता येत नाही तो माणूस म्हणजे कुर्ट हान. जर्मनीत शाळा चालवणारा हा ज्यू शिक्षक हिटलरविरुद्ध बोलला म्हणून १९३३ साली तुरुंगात गेला आणि सुटल्यावर ब्रिटनमध्ये आला. तिथे पुढच्याच वर्षी त्याने स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा काढली. महायुद्धात जर्मन पाणबुड्या ब्रिटिश व्यापारी जहाजं बुडवत होत्या. लॉरेन्स होल्ट या जहाजमालकाचं म्हणणं होतं की लाइफबोटीत तरणे खलाशी आधी धीर सोडतात आणि पिकल्या केसांचे तगतात. तरुणांच्या अंगात ताकद असते, पण आपण निभावून नेऊ हा अनुभव गाठीशी नसतो, असा त्याने अर्थ लावला. हान आणि होल्ट यांनी १९४१ साली वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही इथे आउटवर्ड बाउंड सुरू केलं. बंदर सोडून खोल समुद्राकडे निघालेल्या जहाजाला इंग्रजी खलाशी जे म्हणत, तेच हे नाव. अभ्यासक्रम सुमारे चार आठवड्यांचा. कारखान्यातले शिकाऊ कामगार, जहाजावरचे उमेदवार आणि श्रीमंत शाळांतली मुलं एकाच तुकडीत. मुलींना मात्र १९५१ पर्यंत थांबावं लागलं.

आपल्याकडे २९ मे १९५३ ला तेनसिंग एव्हरेस्टवर पोचले आणि पुढच्याच वर्षी दार्जिलिंगला हिमालयन गिर्यारोहण संस्था उभी राहिली. हमाल म्हणून सुरुवात केलेला माणूस तिथे प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा प्रमुख झाला. १९६५ साली उत्तरकाशीला नेहरूंच्या नावाची संस्था आली. दोन्हीकडचा प्राथमिक कोर्स २८ दिवसांचा. वारीचे पंचवीसेक दिवस, हानचे चार आठवडे, हे २८ दिवस. कुणी कुणाची नक्कल केलेली नाही, तरी आकडे एकमेकांजवळ येऊन बसतात आणि मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. पहिले काही दिवस अंग दुखण्यात आणि घर आठवण्यात जातात. मग भांडणं होतात. ती मिटल्यावर कुठे एकमेकांसाठी पाणी भरणं सुरू होतं.

शिक्षणाचे संशोधक जॉन हॅटी आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली अशा साहसी कार्यक्रमांवरच्या ९६ अभ्यासांची गोळाबेरीज केली. आत्मविश्वास आणि स्वतःवरचा ताबा यांत वाढ दिसली, आणि कार्यक्रम संपल्यावरही ती ओसरण्याऐवजी पुढे वाढत गेली. पण कार्यक्रमाकार्यक्रमांत फार फरक होता, आणि वीस दिवसांहून मोठे कार्यक्रम सरस ठरले. आपल्या शाळांची सहल मात्र पहाटे एसटीत बसते आणि रात्री परत येते.

गेल्या काही वर्षांत चित्र थोडं हललं. २०१४ साली तेलंगणातल्या निवासी शाळेची तेरा वर्षांची मालावत पूर्णा एव्हरेस्टवर गेली. २०१८ साली चंद्रपूरच्या आश्रमशाळांतले पाच आदिवासी विद्यार्थी गेले. त्या शाळा ज्या खात्याच्या, त्याचं आयुक्तालय नाशिकलाच आहे. अभिमान आहेच, पण पाच जणांच्या शिखरामागे पाचशे जणांचे मुक्काम हवेत असं माझं मत आहे. सुरगाणा-पेठच्या आदिवासी पोरांकडे डोंगर आहे, बूट आणि दोर नाहीत. सिडकोच्या पोरांना डोंगर खिडकीत दिसतो, पण घरून सोडत नाहीत. राज्याने २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणून नोंदणी आणि सुरक्षेचे नियम घातले. ते गरजेचं होतं, कारण हौशी म्होरक्यांच्या जिवावर दुसऱ्याची पोरं सोडता येत नाहीत. त्याने खर्च वाढतो हेही खरं, आणि तो भरणाऱ्यांत आमच्या गल्लीतलं कुणी नसतं.

त्या चौदा जणांना आम्ही डिसेंबरात धोडप किल्ल्यावर नेलं. हट्टी गावातून चढलो, दोन रात्री गडावर मुक्काम. पहिल्याच संध्याकाळी कळलं की मीठ घरी राहिलं. चूक माझीच. अळणी खिचडीवर सगळे रुसले, एकाने तर ताट बाजूला सारलं. पाण्याचा प्रश्न त्याहून मोठा होता, कारण टाक्यातून शेंदून, गाळून, उकळून आणायचं आणि चौदा जणांना पुरवायचं. तेव्हा एक किरकोळ अंगाचा, वर्गात कधी तोंड न उघडणारा पोरगा पुढे आला. त्याच्या घरी पहाटे नळ येतो आणि पिंप भरायचं काम त्याचं. त्याने हंड्याची मापं मनात मोजली आणि जाहीर केलं, "प्यायला प्रत्येकी तीन तांबे, तोंड धुवायला एक. भांडी राखेने." कुणी हुज्जत घातली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच वाटाड्याबरोबर खाली हट्टीला जाऊन मीठ घेऊन आला, आणि दुकानदाराने पैसे घेतले नाहीत हे तीनदा सांगत राहिला.

तिसरी रात्र मिळाली असती तर बरं झालं असतं. सोमवारी चाचणी होती, पालक ऐकेनात.

पुढच्या श्रावणात, तिसऱ्या सोमवारच्या आदल्या रात्री, त्याचा फोन आला. त्र्यंबकच्या स्टँडवर होता, गल्लीतली सहा पोरं बरोबर घेऊन. घरी फेरीला चाललोय असं सांगितलं होतं, जे खरंच होतं. विचारत होता, सात जणांना रात्रभर चालायला पाणी किती धरायचं.