धुताना कापडाच्या दशा सुटणं

शिवायच्या आधी नवं कापड धुवून घेतलं की कापलेल्या कडेचे धागे निघून लोंबायला लागतात, त्याला दशा सुटणं म्हणतात, आणि त्या सुटू नयेत म्हणून कड आधीच बांधून घेणं हे बेतण्याच्याही आधीचं काम आहे. मुळात धुवायचं का, तर सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, साधारण ३ ते ५ टक्के धरा, म्हणजे २ मीटरमागे ६ ते १० सेंटीमीटर गेले, शिवाय खळ आणि जास्तीचा रंगही निघून जातो. हेच आटणं शिवून झाल्यावर झालं तर मग हातात काहीच राहत नाही, त्यामुळे दशांच्या भीतीने धुणं टाळू नये.

विणलेल्या कापडात उभा धागा म्हणजे ताणा आणि आडवा म्हणजे बाणा. काठाला बाणा वळून परत आत जातो म्हणून काठ सुटत नाही (बिनधोट्याच्या, म्हणजे बाणा इकडून तिकडे नेणारा धोटा नसलेल्या, मागावरच्या कापडाला काठाशी बारीक झालर दिसते, पण ती वेगळी गुंफण घालून पक्की केलेली असते). खरा प्रश्न कात्री लागलेल्या दोन टोकांचा. तिथे ताणा तुटलेला असतो, मग शेवटच्या बाण्याला धरून ठेवायला काही उरत नाही आणि तो घसरून बाहेर येतो, मग त्याच्या मागचा, मग त्याच्या मागचा. मशीनमध्ये हे लांब धागे एकमेकांना पीळ घालतात आणि त्यांचा दोरच होतो. मी एकदा रेयॉन तसंच टाकलं होतं, बाहेर काढलं तर टोकाला मुठीएवढा गुंता आणि त्याच्या ओढीने कड चुण्या पडून गोळा झालेली, आणि मी तो हाताने ओढला तर एक धागा सरळ आतपर्यंत ताणला गेला, कापडावर आडवी रेघ उठली ती इस्त्रीनेही गेली नाही. असा गुंता कधीही ओढायचा नाही, कात्रीनेच कापायचा.

सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे दोन्ही कापलेल्या टोकांना झिगझॅग, रुंदी ४ ते ५ मिलिमीटर आणि टाक्याची लांबी २ ते अडीच, सुई एका बाजूला कडेच्या किंचित बाहेर पडली पाहिजे म्हणजे टाका कडेला कवेत घेतो. कडेवर दोरा गुंफून ती बांधणारं ओव्हरलॉक मशीन असेल तर उत्तमच. रंग जुळवत बसू नका, रिळात उरलेला कुठलाही दोरा चालतो. दुसरी मला फार आवडणारी पद्धत म्हणजे दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून लांब टाक्याची सरळ टीप मारायची, कापडाची नळी होते आणि मशीनमध्ये त्याला पीळही कमी बसतो, नंतर ती टीप उसवायची नाही, सरळ कापून टाकायची. मशीन नसेल तर हाताने कडेवरून वळवत टाके घाला, वेळ लागतो पण टिकतात.

दातेरी कात्रीवर लोकांचा जरा जास्तच विश्वास असतो. तिचे दाते कड तिरकी कापतात आणि उरेब कड लवकर सुटत नाही हे खरंच आहे, पण घट्ट विणीच्या पॉपलिनला ती पुरते, सैल लिनन किंवा गुळगुळीत सॅटिनला मशीनच्या घुसळणीत पुरत नाही. चारी कोपऱ्यांचे छोटे त्रिकोण कापून टाकायची पद्धतही आहे, त्याने दशा कमी होतात, थांबत नाहीत.

बाकी घर्षण जितकं कमी तितकं बरं: जाळीची पिशवी, हलकी सायकल, सोबत जड कपडे नकोत. छोटे तुकडे मशीनमध्ये घालूच नयेत, बादलीत भिजवून न पिळता निथळत ठेवावेत. टीशर्टचं होजिअरी कापड विणीतच वेगळं, त्यात धागा फासे घालत जातो, त्याच्या कडा गुंडाळतात पण दशा सुटत नाहीत, तिथे यातलं काहीच करायची गरज नाही.

वाळवताना थोडं ओलसर असतानाच इस्त्री करा आणि बेतताना झिगझॅगची पट्टी बाहेर ठेवा, म्हणून कापड घेतानाच १० ते १५ सेंटीमीटर जास्त घ्यावं.