मंगळावर घुमट वाजवला तर कासाळे ऐकू येतील का?

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) रात्री गोव्यात वाड्यावर कुठे घुमट आरती रंगली असेल, तर लांबून आधी कानावर येतो तो घुमटाचा, म्हणजे तोंडावर चामडं ताणलेल्या मातीच्या भांड्याचा खर्ज. कासाळ्यांची, म्हणजे झांजांची, किणकिण अंगणाजवळ गेल्यावर उमटते. हवा वरच्या पट्टीतले सूर आधी खाते, खालचे उशिरा. मंगळावरची हवा याच कामात भलतीच तरबेज आहे. तिथे घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य) आणि कासाळे घेऊन कुणी आरती धरली, तर काही मीटरांवरच कासाळे गायब होतील आणि घुमट क्षीण होऊन पोचेल. फेब्रुवारी 2021 पासून मंगळावर चालू असलेल्या मायक्रोफोननी हे मोजूनच दाखवलं आहे.

पण त्याआधी एक सवय लावून घ्यायला हवी. परग्रहाचा म्हणून कुठलाही आवाज फोनवर आला की विचारायचं: नेमकं थरथरलं काय? घुमटात आधी चामडं थरथरतं, मग मातीच्या भांड्यातली हवा. ‘गुरूचा आवाज’ म्हणून जे फिरतं, त्यात हवा कुठेच नसते. यानाचा अँटेना विद्युत-चुंबकीय लहरी पकडतो आणि त्यांची वारंवारिता आपल्या कानांना झेपेल अशी बदलली जाते. 7 जून 2021 रोजी नासाचं जूनो यान गुरूच्या गॅनिमीड या चंद्राजवळून गेलं, तेव्हाची ध्वनिफीत अशीच तयार झाली. ती सुंदर आहे, उपयोगीही आहे, पण गॅनिमीडशेजारी उभं राहून कुणाला ती ऐकू आली नसती.

चंद्रावर हवाच नाही, म्हणून तिथे जमिनीला कान लावायचा. चांद्रयान-3 च्या विक्रम लँडरवरचं इल्सा हे उपकरण म्हणजे सिलिकॉनमध्ये कोरलेले अतिसूक्ष्म त्वरणमापक. त्यांनी सुमारे 190 तास नोंदी घेतल्या. त्यांतल्या 250 हून अधिक ठळक कंपनांपैकी जवळपास 200 चा संबंध प्रज्ञान रोव्हरच्या हालचालींशी किंवा इतर उपकरणांशी लागला. सगळ्यात मोठा आवाज आपलाच, ही या क्षेत्रातली कायमची डोकेदुखी आहे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी समुद्रात हायड्रोफोन (पाण्यातले मायक्रोफोन) सोडणाऱ्यांनाही ती चांगली ठाऊक असते: मासे ऐकायचे तर आधी होडीचं इंजिन बंद करावं लागतं.

आता मंगळ. नासाच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरवर दोन मायक्रोफोन आहेत. एक बाजारात मिळणारा, स्टुडिओत वापरतात तसला, रोव्हरच्या अंगावर बसवलेला. तो उतरतानाचा थरार टिपण्यासाठी होता आणि नेमकं तेवढंच त्याला जमलं नाही. उतरतानाची ध्वनिफीत हाती आलीच नाही. जमिनीवर पोचल्यावर मात्र तो चालला. 7 मार्च 2021 रोजी रोव्हर 27.3 मीटर चालला, तेव्हाचा 16 मिनिटांहून जास्त आवाज त्याने दिला. त्यात धातूच्या चाकांचा खडखडाट आहे आणि मध्येच एक कर्कश ओरखडाही. तो यंत्राच्या विद्युत खरखरीतून आला की चाकं खडकावर घासल्यामुळे, हा प्रश्न अभियंत्यांना लगेच पडला.

दुसरा मायक्रोफोन रोव्हरच्या डोलकाठीवर, खडकांवर लेसर मारून ते तपासणाऱ्या सुपरकॅम उपकरणासोबत. हा इलेक्ट्रेट जातीचा. एक पातळ पडदा, त्याच्या मागे स्थिर पत्रा, दोघांत कायमचा विद्युतभार. दाब बदलला की पडदा किंचित हलतो, अंतर बदलतं, विद्युतदाब बदलतो. तत्त्व साधं आहे, अडचण प्रवासात आहे. पृथ्वीवर दाब सुमारे 1000 हेक्टोपास्कल, वाटेत निर्वात पोकळी, आणि मंगळावर जेमतेम 6-7. पडद्यामागची हवा पूर्ण बंद केली तर पडदा फुगून फाटेल. म्हणून अशा पडद्यांमागे बारीक छिद्र ठेवतात, दोन्ही बाजूंचा दाब हळूहळू सारखा होतो. पण त्या छिद्रातून अगदी मंद कंपनंही निसटतात, त्यामुळे खालच्या टोकाचे सूर हातचे जातात. सुपरकॅमचा मायक्रोफोन मुख्यतः 100 हर्ट्झ (सेकंदाला 100 कंपनं) ते 10 किलोहर्ट्झ या पट्ट्यासाठी बनवलेला आहे, पण त्याच्या थोडं खालचंही त्याला ऐकू येतं.

नोंद एका वेळी जास्तीत जास्त 167 सेकंदांची, सेकंदाला 25,000 नमुने. एका नमुन्याला दोन बाइट धरले तर एका नोंदीचे सव्वाआठ मेगाबाइटच्या वर होतात. आपल्या फोनला हे काहीच नाही. तिथे मात्र छायाचित्रं, रासायनिक विश्लेषण आणि हवामानाच्या नोंदी यांच्याबरोबर त्याच दिवसाच्या वाट्यातून हे पाठवावं लागतं.

मग हवा काय करते? मंगळाची हवा 95 टक्के कार्बन डायऑक्साइड आणि विरळ. त्याच उगमाचा आवाज पृथ्वीपेक्षा सुमारे 20 डेसिबलने कमी भरतो, म्हणजे ध्वनिदाब एक दशांश. वरचे सूर वायूचे रेणूच शोषून घेतात. आणि सगळ्यात विलक्षण भाग वेगाचा आहे: 240 हर्ट्झच्या खालचे सूर सेकंदाला सुमारे 240 मीटर जातात, त्याच्या वरचे 250 मीटर. ध्वनी जाताना वायू दाबला जातो आणि तापतो. त्यातली थोडी उष्णता कार्बन डायऑक्साइडचे रेणू वाकण्या-डोलण्यात साठवू पाहतात. सावकाश लहरीत त्यांना तेवढी सवड मिळते. झपाट्याच्या लहरीत ती मिळत नाही, वायू जरा ताठ वागतो आणि ध्वनी पुढे निघून जातो. एकाच थापेतला वरचा भाग आधी पोचतो, खर्ज मागून. 80 मीटरवर हा फरक सुमारे 13 मिलिसेकंदांचा, 240 मीटरवर 40 चा. तालाच्या पक्क्या माणसाला 40 नक्की खटकतील, पण तेवढ्या लांब आवाज पोचला तर.

वेग मोजायची युक्ती अशी. सुपरकॅमचा लेसर काही मीटरवरच्या खडकावर आदळला की ठिणगीतून बारीक ‘टक्’ असा आवाज निघतो. अंतर माहीत, लेसर सुटल्याची वेळ माहीत. आवाज पोचायला किती वेळ लागला त्यावरून वेग निघतो. 3 मीटरवरच्या खडकापासून हा वेळ सुमारे 12 मिलिसेकंद. वेगावरून वाटेतल्या हवेचं तापमान कळतं. एकाच जागी मारा चालू ठेवला की खड्डा खोल जातो आणि टक्-टक् मंदावते. ती किती झपाट्याने मंदावते त्यावरून खडक कठीण की भुसभुशीत हे ओळखता येतं.

30 एप्रिल 2021 ला रोव्हरसोबत मंगळावर गेलेल्या इन्जेन्युइटी या छोट्या हेलिकॉप्टरचं चौथं उड्डाण झालं, तेव्हा रोव्हर 80 मीटरवर उभा होता. इतक्या लांबून काही ऐकू येईल असं वाटत नव्हतं. पाती मिनिटाला 2537 फेरे घेत होती. प्रत्येक पंख्याला दोन पाती, म्हणून सेकंदाला साधारण 84 ठोके. वाऱ्याच्या गलक्यात 84 हर्ट्झचा हाच गुंजारव स्पष्ट सापडला, हेलिकॉप्टर दूर-जवळ होताना त्याची पट्टी बदलतानाही दिसली. खर्ज टिकला, बाकी विरलं.

27 सप्टेंबर 2021 रोजी धुळीचं एक वावटळ थेट रोव्हरवरून गेलं आणि धुळीचे कण यंत्रावर आपटतानाचा आवाज नोंदला गेला. पुढे जुन्या नोंदी चाळताना अशाच धुळीत छोट्या विद्युत ठिणग्यांचे 55 प्रसंग सापडले; हा शोध 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. ठिणगीचा विद्युत धक्का मायक्रोफोनच्या तारांत आधी उमटतो, ध्वनी मागून येतो. तारांत शिरणारी खरखर हा एरवी दोषच, इथे तोच पुरावा ठरला.

शुक्र आणि टायटन थोडक्यात. शुक्रावर मार्च 1982 मध्ये व्हेनेरा-13 आणि 14 या सोव्हिएत यानांवरच्या ग्रोझा-2 उपकरणाने वारा, ड्रिल आणि कॅमेऱ्यांची झाकणं उडाल्याचे आवाज नोंदले. तिथे दाब पृथ्वीच्या सुमारे 90 पट आणि तापमान 450 अंशांच्या वर, त्यामुळे व्हेनेरा-13 दोन तासांच्या आसपासच तगलं. 14 जानेवारी 2005 रोजी शनीच्या टायटन या चंद्रावर उतरलेल्या ह्युजेन्स यानाची फीत ऐकताना सावध राहावं: नोंदलेल्या ध्वनिमाहितीवरून ती प्रयोगशाळेत पुन्हा रचलेली आहे.

मंगळावरची आरती घरी ऐकायची तर ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरे. घुमट आरतीची नोंद उघडा आणि तिच्या दोन प्रती करा. पहिलीला 240 हर्ट्झचा लो-पास फिल्टर (फक्त खालचे सूर ठेवणारा) लावा. दुसरीला 240 चा हाय-पास (फक्त वरचे सूर ठेवणारा) आणि त्यावर 2000 चा लो-पास. दोन्हींची पातळी 20 डेसिबलने उतरवा. पहिली प्रत 40 मिलिसेकंद उजवीकडे सरकवा, म्हणजे 240 मीटरवरचा श्रोता झाला. 2000 हा आकडा ढोबळ आहे, खरी गळती अंतरागणिक वाढते. मात्र सुरुवात व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटपासून करू नका. तिच्यात वरचे सूर आधीच छाटलेले असतात, आणि कासाळे हरवल्याचा दोष उगाच मंगळावर जाईल.