कागदी घनाकृती

कागदी घनाकृती : कार्डशीट किंवा जाड कागद कापून, दुमडून व चिकटवून केलेल्या भौमितिक घनांच्या प्रतिकृती. घन कडांवर कापून सपाट उलगडला की मिळणाऱ्या आकृतीला घडणी म्हणतात. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५२५ मध्ये छापलेल्या भूमितीच्या ग्रंथात अशा घडण्या काढून दाखवल्या आहेत.

एका घनाच्या घडण्या अनेक असू शकतात. सहा समान चौरस कडेला कड जुळवून ३५ प्रकारे मांडता येतात. त्यांतल्या ११ मांडण्यांचाच फाशासारखा सहा पृष्ठांचा घन होतो. बारा पंचकोनी पृष्ठांच्या द्वादशफलकाच्या घडण्या तर ४३,३८० आहेत. प्रत्येक बहिर्वक्र (कुठेही आत न दबलेला) बहुफलक, म्हणजे सपाट पृष्ठांचा घन, एकही भाग दुसऱ्यावर न चढता, एकसंध घडणीत उलगडतोच का? गणितज्ञ जेफ्री शेफर्ड यांनी १९७५ मध्ये मांडलेला हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

कामाची गोम दुमडण्यापेक्षा चिकटवण्यात असते. कडांवर मोजपट्टी धरून रिकाम्या बॉलपेनने आधी रेघ दाबून घेतली, तर घडी सरळ पडते. जोडण्यासाठी काही कडांना कागदाची अरुंद पट्टी राखावी लागते. बहिर्वक्र घनाची घडणी एकसंध असेल, तर चिकटवायच्या कडा शिरोबिंदूंपेक्षा एकने कमी भरतात. म्हणून २० पृष्ठांच्या पण १२ शिरोबिंदूंच्या विंशतिफलकात ११ जोड, तर १२च पृष्ठांच्या पण २० शिरोबिंदूंच्या द्वादशफलकात १९. दिसायला सोपा वाटणारा द्वादशफलक नवशिक्यांना दमवतो तो यामुळेच. मापातली बारीक चूक प्रत्येक जोडागणिक साठत जाते आणि शेवटचे पृष्ठ बसवताना फट उरते. तोवर आत बोट घालून पट्टी दाबायलाही जागा राहिलेली नसते.

या कलेतले मोठे नाव म्हणजे अमेरिकन बेनेडिक्टाइन संन्यासी मॅग्नस वेनिंजर (१९१९–२०१७). त्यांच्या १९७१ च्या पुस्तकात ११९ प्रतिकृतींची कृती आहे. एकसंध घडणीऐवजी वेनिंजर रंगीत कागदाचे सुटे भाग कापून जोडत. एकमेकांत घुसलेल्या पृष्ठांच्या ताराकृती घनांना तीच पद्धत सोयीची.

पूर्ण झालेला बहिर्वक्र घन कडांपाशी बिजागरीसारखा सैल असला तरी डगमगत नाही, हे फ्रेंच गणितज्ञ कोशीने १८१३ मध्ये सिद्ध केले. फक्त पृष्ठे ताठ हवीत. अंतर्वक्र (कुठेतरी आत दबलेल्या) घनांना हा नियम लागू नाही. गणितज्ञ रॉबर्ट कॉनेली यांनी १९७७ मध्ये लवचीक, म्हणजे पृष्ठे ताठ असूनही कडांवर हलणारा, बहुफलक शोधला. पुढे क्लाउस स्टेफेन यांनी दिलेला १४ त्रिकोणांचा सोपा नमुना कार्डशीटचाही करता येतो.