खुलासा की सबब? जेवण फसल्यावर रेस्टॉरंटचा मालक देतो त्या उत्तराची पारख

जेवण थंड आलं, खारट निघालं किंवा पाऊण तास उशिरा आलं. ग्राहकाने तसं सांगितलं आणि मालकाने उत्तरात कारण दिलं. हे कारण म्हणजे खुलासा आहे की सबब? ओळखणं सोपं नसतं. दोन्हींत 'त्यामुळे' येतं, दोन्ही नम्र शब्दांत सांगता येतात. मालकाला मनापासून वाटतं की आपण खुलासा केला, आणि ऐकणाऱ्याला मात्र सबब ऐकू येते.

सबब म्हणजे खोटं कारण, हा समज आधी बाजूला ठेवायला हवा. मूळ अरबी शब्दाचा अर्थच 'कारण', आणि कोर्टकचेरीच्या मराठीत 'सबब' आजही 'म्हणून' या अर्थाने येतो. 'त्या रात्री फार गर्दी होती' हे पूर्ण खरं असू शकतं आणि तरीही ती सबबच असते. कारण किती खोल जाऊन थांबतं, यावर सगळं ठरतं. सबब परिस्थितीपाशी थांबते: गर्दी, नवा माणूस, खराब माल, वीज गेली. खुलासा त्याखाली आणखी एक पायरी उतरतो आणि स्वयंपाकघरातल्या एखाद्या कृतीपर्यंत पोचतो. ती कृती कुणीतरी केलेली असते किंवा करायची राहिलेली असते, आणि उद्या ती वेगळी करता येते.

गर्दीचंच घेऊ. तळलेला पदार्थ मऊ आणि तेलकट आला. 'गर्दी होती' यातून काहीच कळत नाही, कारण गर्दी काही तेलात उतरत नाही. घडतं ते असं. तेल १८० अंश सेल्सिअसला आहे. ऑर्डरी साचल्या म्हणून फ्रिजमधला गार माल नेहमीच्या दुप्पट-तिप्पट एकाच घाण्यात टाकला जातो. तेलाचं तापमान धाडकन उतरतं आणि पुन्हा चढायला काही मिनिटं घेतं. तेवढ्या वेळात पृष्ठभागावरचं पाणी जोरात उकळून बाहेर पडत नाही, वरचं कवच धरत नाही, रंग येत नाही. रंग येईना म्हणून स्वयंपाकी तो आणखी वेळ तेलात ठेवतो. बाहेर काढल्यावर जागा नाही म्हणून एकावर एक रचतो, आणि खालच्या थराची वाफ वरच्या थराचं कवच भिजवते. म्हणजे खुलाशात सांगायच्या दोन गोष्टी सापडल्या: घाणा मोठा होता आणि माल रचून ठेवला होता. उपायही त्यातूनच निघतो. टोपली अर्ध्याहून जास्त भरायची नाही, तेल १७५ च्या वर आल्याशिवाय पुढचा घाणा टाकायचा नाही, आणि निथळायला ताटाऐवजी जाळी वापरायची, तीही एकाच थरात.

खारटपणाचं उदाहरण याहून बोलकं आहे, कारण तिथे मालकाच्या तोंडी हमखास येणारं वाक्य म्हणजे 'बाकी सगळ्यांना आवडलं'. ते खरंच असतं. संध्याकाळी ७ वाजता १० लिटर रश्श्यात ८० ग्रॅम मीठ घातलं, म्हणजे ०.८ टक्के. निम्मा रस्सा विकला गेला. उरलेला ५ लिटर झाकण न ठेवता मंद आचेवर राहिला आणि त्यातलं दीड लिटर पाणी उडालं. आता ३.५ लिटरांत ४० ग्रॅम मीठ आहे, प्रमाण १.१ टक्क्यांच्या वर. साडेसातला जेवलेल्याने कौतुक केलं, दहाला जेवलेल्याने तक्रार केली, आणि दोघंही बरोबर आहेत. स्वयंपाक्याने चव घेतली असती तरी खात्री नव्हती: संध्याकाळभर तोच रस्सा चाखणाऱ्या जिभेला हळूहळू चढत गेलेलं मीठ जाणवत नाही. अशा वेळी 'हाताचा अंदाज चुकला' हा चुकीचा खुलासा ठरतो, कारण हात चुकलेलाच नसतो. भांड्यावर पातळीची खूण करूनही भागत नाही, कारण विक्री सुरू झाली की पातळी विकल्याने उतरली की आटल्याने, हे कळत नाही. चालतं ते एवढंच: आचेवर एका वेळी दोन-तीन लिटरच ठेवायचं, झाकण ठेवायचं, सुरुवातीला पाऊण हिस्सा मीठ घालून उरलेलं पदार्थ बाहेर जाताना घालायचं, आणि रात्री ९ नंतरची चव त्या चुलीवर नसलेल्या माणसाने घ्यायची.

थंड जेवणाचं कारण पुष्कळदा चुलीवर सापडतच नाही. ३०० ग्रॅम पदार्थ ७५ अंशांवर आहे आणि तो २० अंशांच्या, ७०० ग्रॅम वजनाच्या चिनी मातीच्या ताटलीत वाढला. दोन्हींचं तापमान एक व्हायला आलं की हिशोब ५६ अंशांच्या आसपास येतो. हवेत जाणारी उष्णता वेगळीच. तीच ताटली ५५ अंशांना गरम करून घेतली असती तर उत्तर ६८ च्या जवळ आलं असतं. दुसरं कारण वेळेचं. सहा जणांच्या टेबलावर एक पदार्थ ६ मिनिटांचा आणि एक १८ मिनिटांचा असेल, आणि दोन्ही एकदमच चुलीवर चढवले असतील, तर पहिला १२ मिनिटं गरम ठेवणाऱ्या दिव्याखाली वाळत बसतो. वेटर सुस्त होता ही सबब झाली. ६ मिनिटांचा पदार्थ १२ मिनिटं उशिरा सुरू करायचा पुकारा झाला नाही, हा खुलासा.

असा खुलासा बसल्या जागी सुचत नाही. तो शोधावा लागतो, आणि शोधाची मुदत फार थोडी असते. पहिली चूक इथेच होते: परत आलेली ताटली सरळ कचऱ्यात जाते आणि तिच्याबरोबर पुरावाही. ताटली आत आली की आधी थर्मामीटरची सळई पदार्थाच्या मध्यभागी खुपसून आकडा लिहायचा, मग हात न लागलेल्या बाजूने स्वच्छ चमच्याने चव घ्यायची, आणि लगेच त्याच भांड्यातला उरलेला पदार्थ चाखायचा. दोन्हींची चव सारखी असेल तर दोष भांड्यात आहे आणि त्याच भांड्यातून अजून पाच-सहा टेबलांवर तो गेला आहे. ते थांबवणं उत्तर लिहिण्यापेक्षा आधीचं काम. चव वेगळी असेल तर दोष त्या एका ताटलीत, म्हणजे वाढण्यात किंवा वाट पाहण्यात आहे. सोबत केओटीवरची, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवरची वेळ, ताटली बाहेर गेल्याची वेळ, चूल कुणाकडे होती आणि पदार्थ कधी शिजवला होता, एवढं वहीत हवं. थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात धरून शून्य दाखवतो का, हे आठवड्यातून एकदा तपासलेलं असावं. नाहीतर आकड्यावर भांडण उभं करणं व्यर्थ.

तक्रार दुसऱ्या दिवशी आली तर ताटली नसते, पण केओटी आणि वही असते. पहिलं उत्तर त्याच दिवशी आणि दोन ओळींचं पुरे: तक्रार मिळाली, तपासतो आहोत, अमुक दिवसापर्यंत सांगतो. कारण या उत्तरात घालायचंच नाही. तपासाआधी दिलेलं कारण अंदाजाने दिलेलं असतं, आणि अंदाज सगळ्यात सोयीच्या कारणावर जाऊन बसतो.

आता भाषा. मराठीत चूक कर्त्याविना सांगण्याची फार सोय आहे. 'उशीर झाला', 'मीठ जास्त पडलं', 'लक्षात राहिलं नाही', 'जरा इकडेतिकडे झालं'. यातल्या एकाही वाक्यात कुणी काही केलेलं नाही. सगळं आपोआप घडलं. रोजच्या बोलण्यात ते साधं आहे, पण पैसे मोजून निराश झालेल्या माणसाला ते अंग काढून घेतल्यासारखं लागतं. 'आम्ही पदार्थ २० मिनिटं उशिरा दिला' असं लिहून पाहा. लिहिताना हात अडखळतो, आणि तो अडखळतो म्हणूनच ते लिहायला हवं. दुसरा शब्द 'पण'. 'क्षमस्व, पण त्या दिवशी...' यात 'पण'च्या आधीचं सगळं पुसलं जातं. तिसरी रचना 'तुम्हाला तसं वाटलं असेल तर दिलगीर आहोत'. पदार्थ ४५ अंशांवर गेल्याची नोंद वहीत असताना 'वाटलं असेल' लिहिणं अन्यायाचं आहे.

एकाच घटनेवरची दोन उत्तरं शेजारी ठेवून पाहा.

'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. शनिवारी प्रचंड गर्दी होती आणि आमचा मुख्य स्वयंपाकी रजेवर होता, त्यामुळे थोडी गैरसोय झाली असेल तर दिलगीर आहोत. आमच्याकडे नेहमी उत्तम दर्जाच दिला जातो. पुन्हा अवश्य या.'

'तुमचं जेवण थंड होतं, हे बरोबर आहे. नोंदीप्रमाणे तुमचा पहिला पदार्थ तयार झाल्यावर आम्ही तो १४ मिनिटं थांबवून ठेवला, कारण टेबलावरचे सगळे पदार्थ आम्ही एकदमच सुरू केले होते. आता प्रत्येक केओटीवर सुरू करायची वेळ लिहितो आणि ५ मिनिटांहून जास्त थांबलेली ताटली बाहेर पाठवत नाही. त्या पदार्थाचे पैसे परत करतो. कसे पाठवायचे ते खाजगीत कळवा.'

पहिल्या उत्तरात खोटं काही नसेलही. पण त्यातलं एकही वाक्य तपासता येत नाही, आणि ते कुठल्याही रेस्टॉरंटच्या कुठल्याही तक्रारीखाली जसंच्या तसं चिकटवता येईल. दुसरं उत्तर फक्त याच तक्रारीला लागू पडतं, आणि पुढच्या वेळी घड्याळ बघून त्यातलं वचन पडताळता येतं. भरपाईचाही फरक पाहण्यासारखा आहे: पैसे परत मिळाले की हिशोब तिथे मिटतो, पुढच्या भेटीचं कूपन दिलं तर नाराज माणसाने परत यावं ही अट त्यात दडलेली असते.

खुलासाही बिघडू शकतो. आटण्याचं आणि तेलाचं जे वर सविस्तर सांगितलं, ते सगळं ग्राहकाला ऐकवायचं नसतं. ते मालकाने स्वतःसाठी समजून घ्यायचं. चार-पाच वाक्यांपलीकडे गेलेला खुलासा व्याख्यान होतो, आणि व्याख्यान ऐकणाऱ्याला वाटतं की आपल्यालाच अडाणी ठरवलं. स्वयंपाक्याचं नाव त्यात येऊ नये. ग्राहक कुणाबरोबर आला होता, काय प्यायला, बिलावरून कुणी वाद घातला, हे चारचौघांत लिहिणं तर कधीच नको. आणि शोधूनही कारण सापडलं नाही, तर 'कारण सापडलं नाही, पुढचे काही दिवस या पदार्थाचं तापमान प्रत्येक वेळी मोजतो आहोत' हाही पूर्ण खुलासा आहे.

पोट बिघडल्याच्या तक्रारीत ही सरमिसळ सर्वांत घातक ठरते. 'त्या दिवशी इतके लोक जेवले, कुणाला काही झालं नाही' हे उत्तर इथे ठरलेलं. पण दोष एका भांड्यातल्या शेवटच्या दहा वाढपांत असू शकतो. शिजवलेला भात तासन्‌तास कोमट राहिला तर शिजण्यातून वाचलेले बॅसिलस सीरिअस या जिवाणूचे बीजाणू वाढून विष तयार करतात, आणि उलट्या घडवणारं ते विष पुन्हा गरम करून नष्ट होत नाही. अशा उलट्या साधारण १ ते ६ तासांत होतात. उलट नोरोव्हायरसला बहुधा १२ ते ४८ तास लागतात, साल्मोनेला या जिवाणूला ६ तासांपासून काही दिवसांपर्यंत. म्हणजे ग्राहकाने शेवटच्या जेवणाला दिलेला दोष कधी चुकीचाही असतो. मालकाला हे माहीत असलं तरी ते पहिल्या वाक्यात म्हणायचं नाही. आधी प्रकृती विचारायची, डॉक्टरांकडे जायला सांगायचं, काय खाल्लं, त्रास किती वाजता सुरू झाला आणि सोबत कुणाला झाला ते टिपायचं. उरलेला पदार्थ विक्रीतून काढून, झाकून, तारीख-वेळ लिहून फ्रिजमध्ये वेगळा ठेवायचा, फेकायचा नाही. गार करण्याची नोंद पाहायची: ६० अंशांवरून २१ वर २ तासांत आणि तिथून ५ वर पुढच्या ४ तासांत आला होता का. स्थानिक अन्न सुरक्षा कार्यालयाला कळवायचं. तपास होईपर्यंत दोष कबूलही करायचा नाही आणि नाकारायचाही नाही.

एक तक्रार मात्र या दोन्हींच्या बाहेरची आहे. पदार्थ ठरल्याप्रमाणे झाला, नोंदी ठीक आहेत, आणि ग्राहकाला तो आवडला नाही. तिथे कारण शोधत बसणं चूक, आणि 'आमच्या पदार्थाची खासियत तुम्हाला कळली नाही' म्हणणं त्याहून चूक. पाहायचा तो मेनूतला मजकूर. आंबट, धुरकट, अर्धकच्चा, फार तिखट यांपैकी जे काही त्या पदार्थात मुद्दाम आहे ते तिथे लिहिलं आहे का? एकाच पदार्थाबद्दल अशा तीन तक्रारी आल्या तर कृतीला हात लावण्याआधी ती ओळ बदलावी आणि पुढच्या महिनाभरात तो पदार्थ किती वेळा अर्धवट खाऊन परत येतो, ते मोजावं.