वाटेत भेटलेल्याला काय म्हणायचं?

सकाळी फिरताना समोरून अनोळखी माणूस येतो. कुणी नुसती मान हलवतं, कुणी ‘नमस्कार’ म्हणतं, कुणी ‘रामकृष्णहरी’, कुणी ‘जय भीम’. आज जो तो आपल्या मनानं शब्द निवडतो. पूर्वी तो जातीनं ठरलेला असे.

महारांनी गावातल्या वरच्या जातींना वाकून, अंतर राखून ‘जोहार मायबाप’ म्हणायचं. चोखोबांनी अभंगात तोच जोहार थेट विठ्ठलाच्या दारात नेला. ‘नमस्कार’ हा तर ब्राह्मणांचा मान मानला जाई. मुंबईतले सोनार तो शब्द वापरू लागले, हे पेशवाईला खपलं नाही. अखेर १७७९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारनं सोनारांवर तशी बंदी घातली. एका नमस्कारासाठी सरकारी हुकूम! बाबासाहेबांनी १९३६ च्या, लाहोरला होऊ न शकलेल्या पण छापून आलेल्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या भाषणात हा दाखला मुद्दाम दिला आहे.

इंग्लंडमध्येही मानाची अशीच उतरंड होती. तिथले क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक कुणापुढेच टोपी काढत नसत, कारण माणसं सारखी आहेत ही त्यांची श्रद्धा. लंडनमध्ये १६७० साली विल्यम पेन या क्वेकराला न्यायालयानं त्यासाठी दंड ठोठावला.

आपल्याकडे वारीनं वेगळी रीत घातली. तिथे वय, जात, ओळख न विचारता समोरचा ‘माउली’ होतो आणि दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. वारी संपवून गावी परतल्यावर मात्र वेशीपासून पुन्हा जुनंच सुरू होई, हेही सांगायलाच हवं.

गावातल्या रोजच्या रस्त्यावरचा शब्द बदलला तो विसाव्या शतकात. नागपूरजवळच्या कामठीचे बाबू हरदास (१९०४–१९३९) हे कामगारांचे आणि आंबेडकरी चळवळीचे कार्यकर्ते. १९३७ साली ते मध्य प्रांताच्या विधिमंडळावर निवडून आले. मुसलमान माणसं भेटली की एक ‘सलाम अलैकुम’ म्हणतो, दुसरा ‘वालेकुम सलाम’. तसं आपलंही काही असावं, असं त्यांना वाटलं, असं सांगतात. एकानं ‘जय भीम’ म्हणायचं, दुसऱ्यानं ‘बल भीम’, अशी जोडी त्यांनी सुचवली. ‘बल भीम’ मागे पडलं. आता पहिला जे म्हणतो, तेच दुसराही म्हणतो: ‘जय भीम’.