दम आधी येतो, हाड मागून

"नडगी दुखायची थांबली, एक्स-रेत काही निघालं नाही, म्हणजे आता पळायला हरकत नाही." पहाटे सोलापूरच्या कुठल्याही मैदानावर हे हमखास ऐकू येतं. पण हाडाला वारंवारच्या ताणाने झालेली इजा सुरुवातीला एक्स-रेत बहुधा दिसतच नाही, ती एमआरआयमध्ये दिसते. आणि हाड पुरतं भरण्याच्या कितीतरी आधी दुखणं थांबलेलं असतं.

ट्रायथलॉनची, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करण्याच्या स्पर्धेची, तयारी करणाऱ्याला घाईने पळू लागण्याचा हा धोका जास्त. अर्ध्या अंतराच्या स्पर्धेत १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणं असतं. पूर्ण अंतरात सगळं दुप्पट. पळणं बंद असताना पोहणं आणि सायकल चालू राहते, त्यामुळे दम टिकतो. मात्र पाण्यात आणि सीटवर नडगीला शरीराच्या वजनाचे हादरे बसतच नाहीत. हृदय तासभर पळायला तयार होतं आणि हाड कित्येक आठवडे रिकामं बसलेलं असतं. मनगटावरचं घड्याळ 'तयार' म्हणतं ते ठोक्यांवरून. हाडाची त्याला काहीच खबर नसते.

हाडाच्या आत जे चालतं ते फार विलक्षण आहे. घट्ट हाडात ऑस्टिओसाइट पेशी बारीक नळ्यांच्या जाळ्याने एकमेकींना जोडलेल्या असतात. पाऊल पडलं की हाड किंचित वाकतं, नळ्यांतला द्रव सरकतो आणि पेशींना भार कळतो. सूक्ष्म तडा गेला की काही नळ्या तुटतात आणि त्या जागी दुरुस्तीचा निरोप जातो. आधी ऑस्टिओक्लास्ट पेशी येऊन खराब हाड विरघळवतात, सुमारे ०.२ मिमी रुंदीचा बोगदा पडतो. याला साधारण तीन आठवडे लागतात. मग ऑस्टिओब्लास्ट तो बोगदा भरतात, त्याला तीनेक महिने. नव्या थरात खनिजं पुरती मुरायला आणखी काही महिने. रस्ता दुरुस्तीआधी खणावा लागतो तसंच हे. म्हणूनच पळणं वाढवल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, नेमका दम भरात असताना, हाड सर्वांत कच्चं असतं. दुखणं परत येतं ते बहुधा याच सुमारास.

दुसरी गंमत. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की काही डझन हादऱ्यांनंतर या पेशी बधिर होतात आणि संवेदना परत यायला काही तास जातात. त्यामुळे सलग वीस मिनिटांपेक्षा सकाळी दहा आणि संध्याकाळी दहा मिनिटं पळणं हाडाला जास्त उपयोगी ठरावं.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, नडगी दाबून दुखत नसेल आणि अर्धा तास झपझप चालणं आठवडाभर निर्धोक गेलं असेल, तर एक मिनिट पळणं, चार मिनिटं चालणं, असे सहा फेरे एक दिवसाआड. मग चालणं कमी करत पळणं वाढवत न्या, पण प्रत्येक पायरी दोनदा बिनदुखीची झाल्यावरच पुढची. सलग तीस मिनिटं जमल्यावर आठवड्याला फार तर दहा टक्के वाढ, आणि दर चौथ्या आठवड्यात एक तृतीयांश कपात. मिनिटाला १६० पावलं पडत असतील तर १७० करा. पावलं आखूड पडली की प्रत्येक हादरा हलका होतो. पळा ते मातीच्या मैदानावर, आणि उताराला सुट्टी द्या. तुळजापूरला जाऊन-येऊन साधारण ९० किमी सायकल होते. त्यानंतर लगेच पळायचं ते सुरुवातीला दहाच मिनिटं, कारण थकलेले स्नायू हादरा कमी झेलतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा सकाळी सहाच्या आत पळून घ्या.

खाणं तोडू नका. वजन उतरवायच्या नादात ऊर्जा कमी पडली की शरीर हाडबांधणीतच काटकसर करतं. ज्वारीच्या भाकरीत कॅल्शियम फारसं नाही; नाचणीत दहापटीहून जास्त आहे. दूध, तीळही हवेत. चुंबकीय पट्ट्याने हाड भरत नाही, आणि दुखरी नडगी तेल लावून रगडून घेणं तर टाळाच.

पहिल्या हंगामात अर्धं अंतरच पुरे, आणि तेही सलग पळणं जमू लागल्यावर पाच-सहा महिन्यांनी. मध्येच एका बोटाने दाखवता येईल अशा जागी हाड दुखलं, किंवा रात्री ठणकलं, तर त्याच दिवशी पळणं थांबवा. पोहणं चालू ठेवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. परवानगी मिळाली की पुन्हा एक मिनिट पळणं, चार मिनिटं चालणं.